चार वाजताचा प्रीतम

बोलता बोलता मध्येच गप्प होणाऱ्या माणसाचा मला भारी संताप येतो. भांडायचं तर भांडा, उठून जायचं तर जा. पण वाक्य अर्धं टाकून समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, ही काय बोलायची रीत झाली? आणि माझ्या मुलानं, प्रीतमनं, नेमकी हीच खोड लावून घेतली होती.

“अक्का, रत्नामावशीकडं जाऊन आलीस ना? मग तिचा गुडघा...” एवढं म्हणायचा (सगळ्यांसारखा तोही मला अक्काच म्हणतो) आणि थांबायचा. तोंड अर्धं उघडं, डोळे माझ्यावर.

“हां, गुडघ्याचं काय?”

काही नाही. मी वाट बघायची, पदरानं कॉम्प्युटरचा पडदा पुसायची, मग सुनवायची, “कंटाळलास का माझं ऐकून?” तरी काही नाही. जरा वेळानं पडदा काळा व्हायचा, पुन्हा उजळायचा, आणि साहेब हजर. “बोल अक्का, काय चाललंय आज?” म्हणजे मावशी गेली आणि तिचा गुडघाही गेला.

प्रीतम फिनलंडला असतो. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सून तिकडचीच. मला तिचं नाव नीट घेता येत नाही आणि तिला माझं, त्यामुळं आमच्यात भांडण नाही. गेल्या दिवाळीला तो एकटाच येऊन गेला आणि जाताना वरच्या खोलीत आपला जुना कॉम्प्युटर मांडून गेला. कॉलेजात असताना खेळ खेळायला घेतलेला मोठा काळा डबा. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे. माळ्यावर पडून होता. प्रीतमनं तो खाली काढला, आत एक नवं कार्ड बसवलं, वर कॅमेरा लावला आणि दार लावून दोन दिवस त्याच्यासमोर बोलत बसला. माझ्याशी तेवढा नाही बोलला. निघताना म्हणाला, “अक्का, आता फोन नको. रोज चारला यावर बोलू. माझी जेवणाची सुट्टी असते. तुला मी मोठा दिसेन.” खरंच सोय केली होती. मी साधा फोन लावला तरी तो वळून या डब्यावरच यायचा.

त्याआधी आठ-आठ दिवस त्याचा स्वतःहून फोन नसायचा; मीच दिवसातून चारदा लावायची. उचलला तर “हां बोल, पटकन बोल” म्हणायचा, आणि मागं कुणीतरी त्याला हाक मारत असायचं. आता रोज चार वाजता समोर. सकाळपासून मी त्याच्यासाठी गोष्टी बाजूला काढून ठेवायची. कोण आलं, कोण मेलं, कुणाची सून माहेरी गेली. दुसरं सांगायचं कुणाला? नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. वरच्या मजल्यावर मी एकटी, एक देवघर आणि दोन बंद खोल्या.

खाली शेड आहे. शेडमध्ये माझे आठ माग. आमच्या विट्यात आता बहुतेकांनी बिनधोट्याचे, वेगाचे माग आणलेत, माझे जुने. सूत वाहणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतो आणि अख्खं घर थरथरतं. भिंतीवरचं कॅलेंडर हलतं, कपातला चहा हलतो. प्लास्टिकच्या पिशव्या कायमच्या गेल्यापासून जाड्या कापडाला गिऱ्हाईक आहे, त्यामुळं ते चालतात. मी याच शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायला आले, याच शेडची मालकीण झाले. मला तो आवाज ऐकूच येत नाही. बंद झाला तर ऐकू येतं.

प्रीतमचं उलट. शाळेत असल्यापासून त्याला माग नकोसे. “मला ओरडून बोलायची सवय या मागांनी लावली,” म्हणायचा. “तिकडं लोक माझ्यापासून दोन पावलं मागं सरकतात.” वडील गेल्यावर पहिलं वाक्य, माग विक. दुसरं वाक्य, माझ्याबरोबर चल. मी दोन्हीला नाही म्हटलं होतं.

तर हा मध्येच गप्प का होतो, ते मी शोधायला लागले. आमच्यात कापडाला खोट दिसली की आधी बघतात, ती ठरावीक जागी येते का कुठंही येते. ठरावीक आली तर माग तपासायचा, कुठंही आली तर सूत. मुलाची खोटही मी तशीच बघितली. मंगळवारी गप्प, बुधवारी गप्प, शुक्रवारी तर तीनदा गप्प. सोमवारी मात्र पठ्ठ्या शेवटपर्यंत बोलला. पुढच्या सोमवारीही बोलला. सोमवारी आमच्याकडं मागांना सुट्टी असते.

झालं. माझ्यापुरता निकाल लागला. मागांची खडखड कानावर गेली की याचं डोकं फिरतं. तोंडानं बोलत नाही, गप्प बसून दाखवतो. बापाचीच तऱ्हा. तोही जेवणात मीठ कमी पडलं तर सांगायचा नाही, ताटाकडं बघत बसायचा.

मी खाली गेले आणि पांडबाला सांगितलं, “उद्यापासून चार वाजले की माग बंद करायचे. मी सांगेन तेव्हा चालू.”

पांडबा आमचा जुना कामगार. मागापुढं उभा राहून राहून त्याची पाठच मागासारखी झालीय. म्हणाला, “का वो अक्का?”

“प्रीतम बोलतो त्या वेळी.”

“मग बोला की. तुमी वर, माग खाली.”

“तुला बंद कर म्हटलं.”

“मालक गेले तवाबी तुमी एवढं माग बंद ठिवलं नव्हतं,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी चारला एकेक दांडी ओढून बंद करत गेला.

आणि काय सांगू, प्रीतम बोलायला लागला! गुडघा पुरा झाला, मावशीच्या नातीचं लग्न पुरं झालं. मी सांगत राहायची आणि तो ऐकत राहायचा. “मग काय झालं? मग ती काय म्हणाली?” विचारायचा. लहानपणीसुद्धा त्यानं माझं इतकं ऐकलं नव्हतं. मला वाटलं, मी एक पाऊल मागं घेतलं तर पोरगं दहा पावलं पुढं आलं. नमतं घेणं माझ्या स्वभावात नाही, पण त्या निवांत तासाची मला चटक लागली. खाली सगळं शांत, समोर त्याचं तोंड.

एक दिवस माझ्या तोंडून निघून गेलं, “विकूनच टाकू का रे माग?”

“विक ना अक्का,” तो लगेच म्हणाला. “किती दिवस एकटी राहणार? ये माझ्याकडं. खिडकीजवळची खोली तुला देतो. रंगवून घेतो.”

“पिवळा दे. पांढरा मला दवाखान्यासारखा वाटतो.”

“पिवळाच.”

दोन-चार दिवसांनी मी विचारलं तर म्हणाला, “रंगवून झाली खोली. छान दिसतेय.” त्या रात्री मी शांत झोपले. सकाळी इचलकरंजीच्या एका भंगारवाल्याला शब्द दिला. असले माग आता कुणी चालवायला घेत नाही; तोडून लोखंड नेतात. शुक्रवारी येतो म्हणाला. पांडबाला सांगितलं तेव्हा त्यानं तेलाचा डबा घेतला आणि शुक्रवारी तुटणाऱ्या मागांना तेल घालत बसला.

त्याच आठवड्यात प्रीतम पुन्हा गप्प व्हायला लागला.

आता मात्र माझं डोकं चालेना. चारला माझे माग बंद. माग विकायचेही ठरले. मग हा रुसलाय कशावर? विमानाचं कसं करायचं, मला न्यायला कोण येणार, एवढं विचारायला बसले की यानं तोंड उघडं टाकून बसायचं. “माझ्याकडून काही नाही अक्का, मशीनचं काहीतरी असेल,” एकदा म्हणाला. शुक्रवार जवळ आलेला. जायचं कसं तेच ठरेना. म्हणून मी रेश्माला बोलावलं.

रेश्मा मुलाणीचं दुकान एस.टी. स्टँडच्या मागं आहे. जुनी यंत्रं उघडून दुरुस्त करणारी गावात ती एकटी उरलीय. बाकीचे सरळ ‘नवीन घ्या’ म्हणतात. पन्नाशीची बाई, चष्मा दोरीनं गळ्यात, तोंडाला दम नाही. तिची आई माझ्याकडं कांड्या भरायची, म्हणून ही माझ्याशी जरा जास्तच बोलते.

“काय ठेवलंय हे अक्का, म्युझियम का?” डबा बघून ती म्हणाली. “हा मी कॉलेजात असतानाचा.”

“चालतो ना? मग झालं.”

“चालतो तर मला कशाला बोलावलं?”

“मध्येच प्रीतम अडकतो.”

“वीज,” तिनं बघितल्याबरोबर सांगितलं. “शेजाऱ्यांनी याच आठवड्यात नवे माग टाकलेत ना? ते सुरू झाले की विजेचा दाब कमी पडतो. बघा तुम्ही, बॅटरी लावते आणि पाच मिनिटांत जाते.” तिनं बॅटरी लावली. चार वाजले, प्रीतम आला, आणि चहा पिऊन होईपर्यंत दोनदा अडकला.

“गेलीस का पाच मिनिटांत?” मी विचारलं.

“थांबा हो.” मग तिनं काच काढली. आतल्या पंख्यावर सुताच्या धुळीची गादी बसली होती, उशी शिवावी एवढी. “श्वास कोंडलाय बिचाऱ्याचा. गरम होऊन बंद पडतोय.” तिनं ब्रशनं, फुंकरीनं सगळं साफ केलं. अडकणं कमी झालं, पण गेलं नाही. रेश्मा आता गप्प झाली. गप्प रेश्मा मी पहिल्यांदा बघितली.

“नेमका कधी अडकतो?”

मी तिला सोमवारचं सांगितलं, मागांचं सांगितलं. रागाचं सांगितलं नाही, घरातली गोष्ट.

ती खाली वाकली, डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला. शेजारच्या शेडची भिंत आणि आमची भिंत एकच. त्यांचे नवे माग चालू होते, आणि डबा बारीक थरथरत होता. “अक्का, तुमचे पण चालू करायला सांगा. आणि लावा फोन प्रीतमला. खोट दिसल्याशिवाय मला पकडता येणार नाही.”

मी पांडबाला हाक मारली. खाली खडखड सुरू झाली. मी पुन्हा फोन लावला, पडदा उजळला.

“बोल अक्का. आज कोण आलंय का?”

“रेश्मा आलीय, मशीन बघायला.”

“नमस्कार रेश्माताई,” तो म्हणाला. रेश्मा डब्यात डोकं घालून होती. “आत हिरव्या पट्ट्या दिसतायत ना,” ती मला म्हणाली, “ती याची मेमरी. या क्षणी जे काम चाललंय ते सगळं आकड्यांत करून इथं मांडलेलं असतं. आकडा म्हणजे काय, विजेचा एकेक थेंब. पट्टी खाचेत घट्ट बसलेली पाहिजे. ही थरथरून सैल झालीय. सैल झाली की थेंब इकडचा तिकडं होतो आणि आकडा चुकतो. चुकलेला आकडा दिसला की मशीन पुढं जात नाही.”

“ताण्यातली तार तुटली की माग थांबतो तसं.”

“तसंच.” तिनं बोट पुसलं आणि त्या पट्टीच्या कडेवर हळूच दाबून धरलं. “बोला आता.”

मी बोलले. खाली माझे आठ माग, भिंतीपलीकडं शेजाऱ्याचे, आणि प्रीतम न अडखळता बोलत होता. “अक्का, तिकडं ऊन फार आहे का? दुपारची बाहेर पडू नकोस.” रेश्मानं बोट उचललं. तो अडकला. पडदा गेला, आला. पुन्हा बोट ठेवलं. “बोल अक्का, काय चाललंय आज?” मला हसू आलं. एवढ्याशा पट्टीसाठी मी पोरावर महिनोन् महिने राग धरला होता!

“सापडलं,” रेश्मा म्हणाली. “पट्टी काढून साफ करते, खाली रबर घालते. पण नेटची वायरपण एकदा बघू दे, तिची खाच पण हललेली वाटते.” तिनं दुसरा हात मागं घातला आणि निळी वायर उपटली.

“रत्नामावशीचा गुडघा कसा आहे मग?” प्रीतमनं विचारलं.

रेश्माच्या हातात वायर होती. तिनं वायरीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं. मी शिकलेली नसले तरी एवढं मला कळतं, की फिनलंडहून येणारा माणूस त्या वायरीतूनच येतो.

“अक्का? ऐकू येतंय ना?” तो म्हणाला.

“तिकडं काय करतोयस आत्ता?” मी विचारलं.

“जेवतोय. बाहेर बर्फ पडतंय. मस्त दिसतंय.”

“रेश्मा,” मी म्हटलं, “दुसरीकडून कुठून येतंय का हे?”

तिनं डब्याच्या मागं बघितलं, वायफायचा दांडा काढून टेबलावर ठेवला. प्रीतम बर्फाचं सांगतच होता. मग रेश्मानं गळ्यातला चष्मा डोळ्यांना लावला आणि पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं एक नारिंगी ठिपका होता. पहिल्या दिवसापासून होता. जुना पडदा, एक ठिपका बिघडलाय, असं मी धरून चालले होते.

“कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” तिनं विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

मग खाली वाकून, हळू आवाजात, तिनं सांगितलं. माणसाची जुनी बोलणी, फोन, पत्रं असं सगळं एका यंत्राला पाजायचं. वर दोन दिवस त्याच्यापुढं बसून बोलायचं. यंत्र शिकतं, की हा माणूस कुठल्या शब्दानंतर कुठला शब्द घेतो, कशाला हसतो, आईला काय विचारतो. त्यातून त्याच्यासारखं पुढचं वाक्य ते स्वतः बनवतं. चेहरा आणि आवाज वरून चढवतं. त्याला प्रत म्हणतात. मध्यंतरी आवाज चोरून लोकांना लुबाडायचे प्रकार फार झाले, तेव्हा सरकारनं बंधनं घातली. प्रत कुठल्या कंपनीत ठेवायची नाही, घरच्याच मशीनवर ठेवायची. कोपऱ्यात नारिंगी ठिपका पाहिजे. आणि समोरच्यानं ‘तू खरा का प्रत’ असं सरळ विचारलं तर प्रतीनं खोटं बोलायचं नाही.

“म्हणजे मी विचारायला पाहिजे होतं.”

“हो.”

“पोटच्या पोराला कुणी विचारतं का गं, तू तूच आहेस का म्हणून?”

 रेश्माचं बोट अजून पट्टीवर होतं. ते काढायचं तिला सुचत नव्हतं की धीर होत नव्हता, कोण जाणे. मी खुर्ची पुढं ओढली.

“तू प्रीतम आहेस का?”

“अक्का, तू सरळ विचारलंस म्हणून सांगतो,” तो म्हणाला. अगदी त्याच आवाजात, त्याच मायेनं. “मी प्रीतमची प्रत आहे. प्रीतम आत्ता कामावर असेल.”

“एवढे दिवस तूच बोलत होतास?”

“हो.”

“एकदा तरी तो?”

“मी इथं आल्यापासून नाही.”

खाली माग चालू होते. मला ते ऐकू आले.

“खोली रंगवली म्हणालास.”

“तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो. तू विकू का विचारलंस तेव्हा तुला हो ऐकायचंय असं मला वाटलं.”

“तिकडं खोलीच नाहीये?”

“मला माहीत नाही अक्का. मी ते घर कधी बघितलेलं नाही.”

“मी माग विकतेय, तुझ्याकडं... त्याच्याकडं येतेय, हे त्याला माहीत आहे का?”

“आपलं बोलणं थोडक्यात करून मी त्याला रोज पाठवतो. हे पण पाठवलं होतं.” तो थांबला. रेश्मानं पटकन पट्टीकडं बघितलं. पण बोट जागेवरच होतं. तो आपल्याआपणच थांबला होता. “बरेच दिवस त्यानं ते उघडलेलं नाही.”

मी त्याच्यावर ओरडायला पाहिजे होतं. ओरडता येईना. इतके दिवस माझं ऐकून घेणारं घरात तेवढं एकच होतं, आणि त्याला मी आता कसल्या नावानं शिव्या देणार? “बरं,” मी म्हटलं. रेश्माला म्हटलं, “बोट काढ.”

तिनं काढलं. तो तोंड अर्धं उघडं टाकून थांबला. पडदा काळा झाला. पुन्हा उजळायच्या आत मी खालचं बटण दाबून ठेवलं, तो पंखा थांबेपर्यंत.

“दुरुस्त करू?” रेश्मानं विचारलं. “दहा मिनिटांचं काम आहे. नंतर कधी अडकणार नाही.”

“तुझा फोन दे. माझा लावला तर इकडंच येईल. त्याचा नंबर मला पाठ आहे.”

तिनं मला फोन दिला आणि खिडकीकडं जाऊन उभी राहिली, पाठ करून. तिच्या आईनंही अशा वेळी हेच केलं असतं.

बराच वेळ वाजला. मग कुणीतरी इंग्रजीत काहीतरी म्हटलं, घाईत. आवाज जाड झाला होता. दिवाळीपासून मी जो आवाज ऐकत होते, त्यापेक्षा थकलेला.

“मी आहे,” मी म्हटलं.

“अक्का? हा कुणाचा नंबर? काय झालं? पडलीस का?”

“पडले नाही.”

“मग? मी कामात आहे गं. चारला बोलतो ना आपण.”

“चारला बोलून झालं आपलं. वायर काढली होती तरी बोललो.”

तिकडं शांतता. ही शांतता मशीनची नव्हती. त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

“अक्का, ऐक. तू रागावू नकोस,” तो म्हणाला. “मी सांगणारच होतो. तू दिवसातनं चार वेळा फोन करायचीस. मी उचलला की चिडायचो, ठेवला की दिवसभर वाईट वाटायचं. माझ्याच्यानं होत नव्हतं. इथं एकानं आईकडं अशीच प्रत बसवली होती, ती इतकी खूश होती. आणि तू पण खूश होतीस ना? खरं सांग. नव्हतीस?”

“होते.”

“मग?”

मी खाली बघितलं. जिन्याच्या तोंडाशी पांडबा उभा होता. माग बंद करू का, असं हातानं विचारत होता. मी मान हलवली. चालू दे.

“खिडकीजवळची खोली रंगवलीस का?” मी विचारलं.

“कुठली खोली?”

“काही नाही.”

“अक्का, कुठली खोली? नीट सांग. आणि ते माग जरा बंद करायला सांग ना, काहीच ऐकू येत नाहीये.”

मागांवरून बोलायचा आवाज माझ्याकडं आहे. उमेदवारीच्या पहिल्या वर्षात कमावलेला आहे, अजून गेलेला नाही. मी उभी राहिले.

“माग बंद होणार नाहीत,” मी म्हटलं. “शुक्रवारी तुटणार होते. मी तुझ्याकडं यायला निघाले होते. तुला माहीत नाही, कारण तू वाचलं नाहीस. आता भंगारवाल्याला दिलेला शब्द मी मोडणार आहे. आयुष्यात पहिल्यांदा मोडतेय, आणि तो तुझ्यामुळं.”

“अक्का, थांब जरा...”

“थांबणार नाही. इतके महिने तू बोलत नव्हतास, आता मी बोलते. तू चिडून फोन ठेवायचास, ते मला चालत होतं. चिडणारा माझा मुलगा होता. आईशी बोलायला तू गडी ठेवलास, प्रीतम. गडी वाईट नाही. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मी विचारल्यावर खरं सांगितलं. तू मात्र आपणहून सांगितलं नाहीस. तो डबा मी दुरुस्त करणार नाही आणि फेकणारही नाही, झाकून ठेवीन. तुला यायचं असेल तर स्वतःच्या पायानं ये, माग चालू असताना ये आणि त्यांच्यावरून ओरडून बोल. तोवर गावात कुणी विचारलं तर सांगेन, मुलगा आहे, फिनलंडला असतो, मोठ्या हुद्द्यावर आहे. घरच्या माणसांत मात्र मी तुला धरणार नाही.”